वेशीबाहेरचा बाजार, शहराच्या मधोमध

हैदराबादच्या वाढीचे नकाशे हल्ली कुठेही पाहायला मिळतात. मध्ये एक करडा डाग, त्याभोवती १५८ किलोमीटरच्या बाह्यवळण मार्गाचं कडं, पश्चिमेला माधापूर-गच्चीबावली-कोकापेटचा भडक रंग, दक्षिणेला शमशाबादचा विमानतळ. चर्चा होते ती कड्याची आणि भडक रंगाची. मला बोलायचंय त्या करड्या डागातल्या एका बाजाराबद्दल. काचीगुड्यात वाढलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना बेगम बाजार म्हणजे लग्नाची भांडी, दिवाळीचा सुकामेवा आणि हातगाडीवाल्यांच्या आरोळ्यांतून अंग चोरत काढलेली वाट. पण हे महानगर कशाचं बनलंय आणि कसं वाढलंय, हे मला तरी तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतं. मुद्दे क्रमाने मांडतो. सगळ्यांचं वजन सारखं नाही.

१. बेगम बाजार हे एके काळचं उपनगर आहे.

१५९१ साली वसलेलं हैदराबाद मुसी नदीच्या दक्षिणेला होतं. पुढे त्याला तटबंदी झाली, दरवाजे बसले. उत्तरेचा काठ म्हणजे वेशीबाहेरचा मुलूख. दुसऱ्या निजामाने, निजाम अली खानाने, १७६० च्या दशकात राजधानी औरंगाबादहून इथे हलवली. त्याच्या बेगमेनं, हमदा बेगमेनं, नदीपलीकडची जागा व्यापाऱ्यांना बाजारासाठी दिली असं परंपरेनं सांगतात. बाजाराचं नाव त्यावरून. बैलगाड्यांचे तांडे, पोत्यांच्या थप्प्या, मुक्कामाला आलेले व्यापारी यांना तटाबाहेरची मोकळी जागा सोयीची होती.

मग शहरच सरकत आलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोठीला ब्रिटिश रेसिडेन्सी उभी राहिली. १८३१ साली चादरघाटचा पूल झाला, पुढे अफझल गंजासमोर नया पूल. १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादेला आगगाडी आली, १९०७ मध्ये नामपल्लीचं स्टेशन झालं. जुनं शहर एका बाजूला, रेसिडेन्सी आणि रेल्वे दुसऱ्या बाजूला, आणि मधोमध बेगम बाजार. तो जागचा तसूभरही हलला नव्हता. त्यामुळे 'इतका मोठा घाऊक बाजार भर शहरात हवाच कशाला?' असं कोणी विचारलं की मला हसू येतं. बाजार शहरात शिरला नाही, शहर बाजाराभोवती येऊन बसलं.

२. महानगराचं मिश्रण 'सायबराबाद'च्या आधीचं आहे.

१९९८ च्या नोव्हेंबरात सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं आणि देशभरची माणसं हैदराबादेत आली, अशी एक सोयीची गोष्ट सांगितली जाते. ती अर्धीच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बेगम बाजारात आणि कारवान भागात गोसावी, मारवाडी, गुजराती सावकारांच्या पेढ्या होत्या. जिल्ह्यांच्या वसुलीवर त्या निजाम सरकारला कर्ज देत. मराठवाड्यातल्या कुणब्यानं भरलेला सारा या पेढ्यांच्या वह्यांतूनही फिरून गेला असणार. गोसावी मठात राहायचे, व्याजबट्टा करायचे आणि वारसा शिष्याला द्यायचे. आपल्याकडे गोसावी म्हटलं की झोळी आठवते. इथले गोसावी राजाला कर्ज देत.

आजचं चित्र वेगळं असलं तरी घडण तीच आहे. गल्ल्यावर मारवाडी, अगरवाल किंवा गुजराती शेठ. हिशेबाला तेलुगू पोरगा. पोतं उचलणारा पालमूरचा, म्हणजे महबूबनगर भागातला, नाहीतर बिहारचा. पलीकडे धूळपेटेत गणपती आणि पतंग करणारे लोध. बाजाराला लागून मासळीचा बाजार. भाषा म्हणाल तर सगळ्यांची मिळून एक: दखनी. 'क्या होना?' असं विचारतात आणि नको असेल तर आपण 'नक्को' म्हणायचं. हा 'नक्को' आपल्याच घरचा. तो इतका रुळलाय की हैदराबादी माणसाला त्याचं मराठीपण सांगितलं तर तो चकित होतो.

गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात, नंतर राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची सीमा बदलली, पण खरेदीची वाट तीच राहिली. देगलूर, उदगीर, नांदेडचा किरकोळ दुकानदार आजही रात्रीच्या गाडीनं येतो, दिवसभर माल घेतो आणि रात्रीच्या गाडीनं परततो. माझी नांदेडची आत्या मुलीच्या लग्नाची पितळी भांडी घ्यायला आली, तेव्हा पुण्या-मुंबईचं नावही तिच्या तोंडी नव्हतं. तिच्या लेखी मोठं शहर एकच.

३. आपण वाढ मोजतो ती बेरजेनं.

१८६९ मध्ये पहिल्या सालारजंगाच्या काळात शहराचं नगरपालिका खातं निघालं. १९३३ मध्ये चादरघाटची नगरपालिका हैदराबादेत मिळवली. १९६० च्या ऑगस्टात सिकंदराबाद मिळवलं. एप्रिल २००७ मध्ये भोवतालच्या १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती ओढून बृहत् हैदराबाद महापालिका केली. क्षेत्र सुमारे १७० चौरस किलोमीटरवरून साडेसहाशेच्या घरात गेलं. २०२५ च्या अखेरीस बाह्यवळण मार्गाच्या आत-बाहेरच्या आणखी २७ नागरी संस्था त्यात घातल्या आणि आकडा दोन हजारांवर पोचला. हे सगळं महापालिकेपुरतं. २००८ साली झालेल्या महानगर विकास प्राधिकरणाचं क्षेत्र सुरुवातीलाच सात हजार चौरस किलोमीटरच्या वर होतं.

पुण्याच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं घेऊन पुण्यानं मुंबईला क्षेत्रफळात मागे टाकलं, त्याचं कौतुकही झालं. गावं आली, पाणी टँकरनंच येत राहिलं.

महापालिका एक ठेवा, तिचे तीन तुकडे करा, माझा त्याबद्दल आग्रह नाही. माझी तक्रार एवढीच की प्रत्येक बेरजेनंतर अधिकाऱ्यांचं लक्ष आणि पैसा नव्या कडेकडे वळतो आणि जुन्या मध्याला 'आधीच झालेलं शहर' मानून सोडून दिलं जातं. बेगम बाजार कधीच 'झालेला' नव्हता. तो रोज पहाटे नव्यानं भरतो.

४. जनगणना माणूस झोपतो तिथे मोजते. बाजार माणूस उभा राहतो तिथे चालतो.

२०११ च्या गणनेत हैदराबाद जिल्ह्यात ३९ लाखांवर माणसं होती, २१७ चौरस किलोमीटरमध्ये. म्हणजे दर चौरस किलोमीटरला १८ हजारांहून अधिक. पूर्ण नागरी समूहाचा आकडा सुमारे ७७ लाख. २०२१ ची गणना झालीच नाही, तेव्हा दीड दशकापूर्वीच्या या आकड्यांवर रस्ते, पाणी, वॉर्ड सगळं बेतलं जातंय. पण आकडा ताजा असता तरी तो बेगम बाजाराला पुरा पडला नसता. पैसेवाली घराणी बंजारा हिल्स, हिमायतनगरकडे राहायला गेली. खाली दुकान राहिलं, वर राहत्या खोल्यांचं गोदाम झालं. रात्री इथे मोजायला माणसं थोडी. दिवसा? दुकानदार, नोकर, हमाल, ट्रॉली ऑटोवाले, चार जिल्ह्यांची गिऱ्हाइकं.

वॉर्ड आखले जातात राहणाऱ्या लोकसंख्येवर. साफसफाईचे कामगार, पाण्याची जोडणी, स्वच्छतागृहं यांचा अंदाजही त्यावरून निघतो. म्हणजे ज्या गल्लीत दिवसा सर्वांत जास्त माणसं कचरा करतात, घाम गाळतात, तहानलेली असतात, त्या गल्लीच्या वाट्याला रात्रीच्या माणसांपुरती सोय येते. २०२० च्या डिसेंबरात महापालिकेच्या निवडणुकीत पन्नास टक्केही मतदान झालं नाही, याचं आपल्याला वाईट वाटतं. पण बेगम बाजारात दिवसाचे बारा तास काढणाऱ्या बहुतेकांचं मत या वॉर्डात नाहीच. त्यांनी इथल्या नालीबद्दल कोणाकडे जायचं?

५. 'बाजार बाहेर न्या' हा सल्ला.

दर कोंडीनंतर, दर आगीनंतर हा सल्ला कोणीतरी देतंच. बाह्यवळणाजवळ शंभर-दोनशे एकर घ्या, पत्र्याच्या शेड उभारा, सगळ्यांना तिकडे पाठवा. मुंबईचं उदाहरण पुढे केलं जातं. १९८१ पासून १९९६ पर्यंत टप्प्याटप्प्यानं कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळं, भाजी असे घाऊक बाजार वाशीला गेले. त्याचा फायदा झाला, हे मान्य करायला हवं. रोजचा नाशवंत माल घेऊन येणारे ट्रक दक्षिण मुंबईत शिरेनासे झाले. पण म्हणून मशीद बंदर रिकामं झालं का? सुकामेवा आणि मसाला तिथे आजही विकला जातो, आणि गल्ल्यांत चालायला जागा नाही ती नाहीच.

हैदराबादेतही फळबाजार मोअज्जम जाही मार्केटमधून १९८० च्या दशकात कोत्तापेटला गेला आणि अलीकडे तिथून बाटासिंगारमला. फळं हलली ते योग्यच झालं. आंबा रात्रीत सडतो, त्याला मोठं अंगण लागतं. भांडी, सुकामेवा, प्लॅस्टिक, पूजासाहित्य, रंग, खेळणी, किराणा यांचं तसं नाही. देगलूरचा दुकानदार येतो त्याच्या खिशात भांडवल बेताचं असतं. त्याला एका दिवसात दहा-बारा प्रकारचा माल थोडा थोडा घ्यायचा असतो. बेगम बाजारात ती सगळी दुकानं पायी पायी आहेत. एका दुकानात भाव पटला नाही तर समोरच्यात चढायचं. जुनी ओळख असेल तर अर्धे पैसे पुढच्या फेरीला. मग सगळं एका बोचक्यात बांधून उस्मान गंज-अफझल गंजातल्या ट्रान्सपोर्ट कचेरीत टाकायचं, की माल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गावात. हे दुकान, ही उधारी, ही ट्रान्सपोर्ट आणि हा हमाल यांची साखळी नकाशावर दिसत नाही. यातली एक कडी वीस किलोमीटर लांब नेली की मोठा व्यापारी मोटार काढून जाईल. मरेल तो छोटा. आणि तो मेला की त्याचं गिऱ्हाईक मोठ्या कंपनीच्या ॲपवर जाईल, त्या कंपनीचं गोदाम बाह्यवळणाजवळ आधीच तयार असतं.

म्हणून माझं म्हणणं: गल्ला इथेच राहू द्या. हलवायचीच असेल तर थप्पी हलवा.

६. थप्पी का हलवायची, ते आकड्यांत सांगतो.

१३ नोव्हेंबर २०२३. नामपल्लीचा बाजारघाट, बेगम बाजारापासून हाकेच्या अंतरावर. राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर रसायनांची पिंपं साठवलेली होती. आग लागली, किमान ९ माणसं गेली.

१८ मे २०२५. चारमिनारजवळचा गुलजार हौज. खाली दागिन्यांची दुकानं, वर व्यापारी कुटुंब. चिंचोळा जिना. १७ माणसं गेली, त्यांत ८ मुलं.

या दोन घटना बेगम बाजारातल्या नाहीत, पण घरांची ठेवण हीच. खाली दुकान, वर माल, त्याच्या वर माणसं, आणि उतरायला एक जिना, ज्याच्या पायऱ्यांवर खोकी. रंगपंचमीच्या आधी रंगाची पोती, दिवाळीच्या आधी प्लॅस्टिकची फुलं, वर्षभर थिनर, सुतळी, पुठ्ठा. याला सुकामेव्याच्या तेलाची जोड.

विक्रीसाठी दुकानात नमुना आणि दोन-चार दिवसांचा साठा पुरतो. बाकीचा माल बाह्यवळणाजवळच्या सरकारी भाडेपट्टीच्या गोदामात ठेवावा आणि तिथून रात्री लहान गाड्यांनी आणावा. हे व्यापाऱ्याला महाग पडेल, खोटं कशाला बोला. म्हणून पहिली काही वर्षं गोदामाचं भाडं नाममात्र असावं. आणि ज्वलनशील मालाबाबत सवलत अजिबात नको: राहत्या मजल्याखाली तो दिसला की दुकानाचा परवाना थांबवावा. प्रत्येक गल्लीत पाण्याच्या जाळ्यावर बंबाला जोडता येईल असा नळ हवा, कारण बंब गल्लीत शिरणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक इमारतीला उतरायची दुसरी वाट हवी. शेजारच्या गच्चीवर जाणारी लोखंडी शिडी का असेना.

७. जुन्या शहरात हात घालणं अशक्य आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला पूर आला. अफझल गंज, कोलसावाडी, बेगम बाजारचा नदीकडचा भाग, सगळीकडे पाणी. हजारो माणसं गेली. आजच्या उस्मानिया इस्पितळाच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे लोक वाचले, ते झाड अजून उभं आहे. पुढच्याच वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या आराखड्यातून १९२० मध्ये उस्मान सागर आणि १९२७ मध्ये हिमायत सागर बांधून झाले. १९११ च्या प्लेगनंतर, १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ नेमलं गेलं. त्यानं कोंदट वस्त्या मोकळ्या केल्या, रस्ते रुंद केले, विस्थापितांसाठी घरं बांधली आणि पत्थरगट्टीत दगडी कमानींखाली दुकानांची सलग ओळ उभी केली. व्यापारी तिथेच राहिला, वर छप्पर आलं, पुढे चालायला सावली आली. १९३५ चं मोअज्जम जाही मार्केट त्याच काळाचं.

निजामाच्या राजवटीचं कौतुक करायचा माझा हेतू नाही. ज्यांचे आजोबा रझाकारांच्या भीतीनं गाव सोडून पळाले, त्यांच्यातलाच मी. पण त्या मंडळानं बाजाराला अडगळ मानलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. आज आपल्याकडे तलाव-अतिक्रमणासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे, मुसीकाठासाठी आहे, मेट्रोसाठी आहे. बेगम बाजार, सिद्दीअंबर बाजार, उस्मान गंज, फीलखाना, अफझल गंज या सलग पट्ट्यासाठी एकही नाही. ती हवी. तीत व्यापारी संघटनेचे लोक असतीलच; हमाल, ट्रॉली ऑटोवाले, तिथे राहणारी कुटुंबं आणि फेरीवाले यांच्याही खुर्च्या हव्यात.

८. पायाखालचं पाणी.

डिसेंबर २०२२ मध्ये गोशामहलच्या नाल्यावरचा रस्ता खचला आणि गाड्या, ठेले खाली गेले. वर बाजार, खाली निजामकालीन नाला, मध्ये वर्षानुवर्षं वाढत गेलेलं वजन. सप्टेंबर २०२५ मध्ये उस्मान सागर आणि हिमायत सागर या दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडल्यावर महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरलं, प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. मुसीकाठ सुशोभित करण्याआधी या नाल्यांची आतून तपासणी करा. कारंजी नंतर.

९. मेट्रो आली, पण शेवटचा अर्धा किलोमीटर राहिला.

२०१७ च्या नोव्हेंबरात पहिली मेट्रो धावली. पुढे मियापूर-एल. बी. नगर मार्गावर गांधी भवन आणि उस्मानिया मेडिकल कॉलेज ही स्थानकं बेगम बाजाराच्या जवळ आली. फेब्रुवारी २०२० मध्ये बसस्थानकापर्यंतची दुसरी मार्गिका सुरू झाली आणि नदीच्या अलीकडेच थांबली. चारमिनारच्या बाजूला जाणाऱ्या टप्प्याची कोनशिला २०२४ च्या मार्चमध्ये बसली. स्थानकातून बाहेर पडलेल्या बाईनं दोन पिशव्या घेऊन बाजारात चालत जायचं कसं, याचा विचार कोणी केला नाही. पदपथावर दुकानाचा माल, मालापुढे दुचाकी, दुचाकीपुढे आपण. आता गोशामहलला सुमारे २,००० खाटांचं नवं उस्मानिया इस्पितळ होतंय. जानेवारी २०२५ मध्ये कोनशिला झाली तेव्हा आसपासच्या लोकांनी विरोध केला होता. इस्पितळ हवंच, जुन्याची दशा पाहवत नाही. पण रुग्णवाहिका आणि पोत्यांची ट्रॉली एकाच रस्त्यावर समोरासमोर येणार असतील, तर माल उतरवण्याच्या वेळा आत्ताच ठरवा. रात्री दहा ते सकाळी आठ. दिवसा फक्त हातगाडी.

१०. बायकांसाठी स्वच्छतागृहं. यावर परिच्छेद लिहायला लागावा, हीच शरम आहे. नांदेडची आत्या भांडी घ्यायला आली, त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. कारण तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

११. व्यापाऱ्यांनाही दोन शब्द.

सरकारला दोष देणं सोपं, आणि मी ते केलंच आहे. पण पदपथ महापालिकेनं अडवलेला नाही. दुकानाची पायरी दर दिवाळीला वीतभर पुढे सरकते. पोटमाळ्यावर पोटमाळा चढतो. वर झोपणाऱ्या कामगाराला दार बाहेरून लावून घेण्याची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. चोरीच्या भीतीनं, असं मला सांगण्यात आलं. जुन्या भाडेकराराची इमारत असली की मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू कशाला करील? या भांडणात पन्नास वर्षं गेली आहेत. 'बाजार हलवू नका' अशी मागणी करायची, तर बाजार सुरक्षित ठेवायची अर्धी जबाबदारी घ्यावी लागेल. माझा हा लेख तुमच्या बाजूनं आहे, पण बिनशर्त नाही.

१२. एक विनंती, लगेच करता येण्यासारखी.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचे प्रगणक दारात येतील. बेगम बाजारातल्या प्रत्येक दुकानदारानं आपल्या वरच्या मजल्यावर, पोटमाळ्यावर, गोदामात रात्री झोपणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव त्यांना सांगावं. बिहारचा असो, पालमूरचा असो, उदगीरचा असो. 'इथे कोणी राहत नाही' हे उत्तर देऊ नये. गेल्या वेळी पुष्कळांनी ते दिलं असावं, असा मला दाट संशय आहे.